अप्रसिद्ध जागा: नाव नंतर, वेळ आधी

प्रश्न: आम्ही नवरा-बायको आणि माझ्या सासूबाई असे तिघं मिळून फिरतो. प्रसिद्ध शहरं, राजवाडे, धबधबे बऱ्यापैकी पाहून झाले. आता गोष्टी कशा घडल्या, कशा चालतात हे दाखवणाऱ्या जागा पाहायच्या आहेत. जुनी यंत्रं, खाणी, दगडांतला इतिहास अशा. ‘फारशा कुणाला माहीत नसलेल्या जागा’ अशा याद्या वाचून दोनदा गेलो. एकदा तिथं आमच्या आधीच चार बस उभ्या होत्या, दुसऱ्या वेळी फाटकाला कुलूप होतं. पुढच्या वर्षी पंधरा दिवसांची रजा मिळेल, मे किंवा सप्टेंबरमध्ये, आणि युरोपला जायचा विचार आहे. इतर खंडांतल्या एक-दोन जागाही पुढच्यासाठी सांगा. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत; सपाटीवर भरपूर चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. नावं सुचवाच, पण अशी जागा निवडायची कशी हेही सांगा.

उत्तर: तुमचे दोन्ही अनुभव उलट टोकांचे दिसतात, पण मूळ एकच आहे. त्या याद्यांमध्ये जागेचं नाव असतं, फोटो असतो. ती जागा कधी पाहायची हे मात्र नसतं. तुम्हाला आवडतील अशा जागा फार आडबाजूला असतात म्हणून अप्रसिद्ध राहतात असं नाही. त्यातल्या बऱ्याच मोठ्या शहरापासून तास-दोन तासांवर आहेत. त्या मागे राहतात कारण सहलीच्या बसच्या वेळापत्रकात त्या बसत नाहीत. कुठं तिरपं ऊन लागतं, कुठं ओहोटी लागते, कुठं ठरावीक दिवशीच वाटाड्या खाली घेऊन जातो. बसला तेवढी सवड नसते. म्हणून ‘तिथं काय आहे’ याच्या जोडीला ‘ते कधी दिसतं’ हे विचारा, आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तिकिटं काढू नका.

हे म्हणणं सर्वांत स्पष्ट दिसतं ते पोर्तुगालच्या ईशान्येला, कोआ नदीच्या खोऱ्यात. नदीकाठच्या उघड्या खडकांवर इथं घोडे, रानबैल आणि रानबकरे कोरलेले आहेत. सर्वांत जुनी चित्रं २० हजार वर्षांहून जुनी आहेत. इतकी जुनी कला म्हटली की आपल्याला गुहा आठवते. ही मात्र आकाशाखाली आहे. १९९०च्या दशकात इथं धरण बांधायला घेतलं तेव्हा ही चित्रं उजेडात आली. पाण्याखाली जाणार म्हणून देशभर वाद पेटला, ‘चित्रांना पोहता येत नाही’ ही घोषणा गाजली, १९९५ मध्ये सरकारनं धरणाचं काम थांबवलं आणि १९९८ मध्ये खोरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

इथं आपापलं जाता येत नाही. उद्यानाची जीप वाटाड्यासह नेते, एका जीपमध्ये आठ जण, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. लोकांना नेतात अशी मुख्य ठिकाणं तीन: कनाडा दु इन्फेर्नु, रिबेइरा द पिश्कुश आणि पेनाश्कोझा. पहिल्या ठिकाणी सकाळी नेतात, पेनाश्कोझाला दुपारनंतर. याला कारण आहे. इथल्या रेषा दोन प्रकारच्या आहेत. एक दगडानं टोचे मारत नेलेली जाड रेघ, दुसरी केसासारखा बारीक ओरखडा. ऊन समोरून पडलं की दोन्ही बुजतात आणि समोर नुसता करडा दगड उरतो. तेच ऊन खडकाला घासून गेलं की रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि प्राणी उठून दिसतो. म्हणूनच पेनाश्कोझाची रात्रीची फेरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. वाटाड्या दिवा बाजूनं धरतो आणि दुपारी नजरेतून सुटलेल्या रेषा एकेक करून वर येतात.

इथल्या एका खडकावर घोडा-घोडीची जोडी आहे आणि घोड्याला तीन मुंडकी आहेत. कोरणाऱ्याची ती चूक नाही. मान खाली-वर होण्याची हालचाल त्यानं एकाच चित्रात पकडली आहे. बऱ्याच खडकांवर प्राणी एकमेकांवर कोरलेले असल्यानं पहिली पाच मिनिटं नुसता गुंता दिसतो. तेव्हा वाटाड्याला सांगा: एका वेळी एकच प्राणी दाखवा, पाठीच्या रेघेपासून सुरुवात करा. पाठ सापडली की मान सापडते, मग पोट, मग पाय. असे दोन प्राणी कुणी दाखवले की तिसरा तुमचा तुम्हाला सापडतो, आणि इथवर येण्याचं चीज तिथं होतं.

इथं फसगत होते ती तीन प्रकारे. जीप न राखता दुपारी पोचलात, तर संग्रहालय पाहून परत फिरावं लागतं. संग्रहालय चांगलं आहे, पण खडक ते खडक. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ते दोन महिने टाळाच. आणि पोर्तोहून येणारी रेल्वे पोसिन्यू या शेवटच्या स्थानकापर्यंत साधारण साडेतीन तास घेते. दिवसाला गाड्या मोजक्याच, आणि पुढं व्हिला नोव्हा द फोश कोआ गावापर्यंत सात-आठ किलोमीटरचा चढ. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. गाडीत जाताना उजव्या बाजूला बसा. दोरू नदी बराच वेळ त्याच बाजूला असते. फेरादोझाजवळच्या पुलानंतर ती डावीकडे जाते.

आता बेल्जियम. ब्रसेल्सला उतरणारे बहुतेक जण ब्रूज आणि गेंटकडे वळतात. तुम्ही उलट दिशेला, नैर्ऋत्येला मॉन्स गावी जा. रेल्वेनं तासाभराच्या आत पोचाल. तिथं मुक्काम टाकला की चार दिवस पुरेल इतकं आसपास आहे, आणि सगळं तुमच्या पत्रातल्या वर्णनात बसणारं.

सुरुवात ला लूव्हिएर गावाजवळच्या सांत्र कालव्यावरच्या जुन्या बोट-लिफ्टपासून करा. सुमारे ७ किलोमीटरच्या अंतरात कालव्याला ६६ मीटर चढायचं होतं. नेहमीचे दरवाज्यांचे टप्पे बांधले असते तर प्रत्येक बोटीमागे भरमसाठ पाणी खाली सोडावं लागलं असतं. त्याऐवजी १८८८ ते १९१७ या काळात इथं चार लिफ्ट उभ्या राहिल्या. प्रत्येकीत दोन प्रचंड लोखंडी हौद आहेत, प्रत्येक हौद एका जाड दट्ट्यावर बसवलेला, आणि दोन्ही दट्ट्यांखालचे पाण्याचे नळकांडे एकमेकांना जोडलेले. बोट तरंगत हौदात शिरते आणि आपल्या वजनाइतकंच पाणी बाहेर सारते, त्यामुळे बोट असो वा नसो, हौदाचं वजन तेवढंच राहतं. मग वरच्या हौदात थोडं जास्त पाणी घेतात. तो जड होऊन खाली येतो आणि दुसऱ्याला वर ढकलतो. शेकडो टनांचं ओझं वर-खाली होतं ते एवढ्याशा जादा पाण्यावर.

बोटीतून जाणं मजेचं आहे, पण निव्वळ बोटीत बसलात तर हा तोल दिसत नाही, कारण तुम्ही एका हौदाच्या आत असता. एकदा काठावर उभं राहून पाहा, दोन्ही हौद एकाच वेळी नजरेत येतील असं. ते मधोमध शेजारी-शेजारी येतात त्या क्षणी सगळं यंत्र समजतं. प्रवासी बोटी हंगामातच, आणि त्यातही ठरावीक दिवशी सुटतात. कुठली लिफ्ट चालू आहे हेही बदलतं, तेव्हा दिवस ठरवण्याआधी बोटींचं वेळापत्रक बघा. कालव्याच्या काठानं पायवाट आहे. ती बहुतेक सपाट आहे, लिफ्टपाशी तेवढा चढ लागतो.

त्याच दिवशी दुपारी जवळची स्ट्रेपी-तिउची नवी लिफ्ट पाहा. २००२ मध्ये ती सुरू झाली आणि एका दमात ७३ मीटर चढवते, १३५० टनांच्या मालबोटींसह. इथं दट्टे नाहीत. हौद पोलादी दोरांवर टांगलेले आहेत, दुसऱ्या टोकाला वजनं आहेत, आणि प्रत्येक हौद स्वतंत्र चालतो. क्रम उलटा करू नका. आधी नवी पाहिली तर जुनी खेळण्यासारखी वाटते. आधी जुनी पाहिली, तर शंभर वर्षांनी त्याच अडचणीचं दुसरं उत्तर कसं काढलं आणि हौद एकमेकांपासून सुटे का केले, हे लगेच ध्यानात येतं.

मॉन्सपासून सहाएक किलोमीटरवर स्पिएन आहे. बाहेरून पाहिलं तर शेतं, आणि खाली नवाश्मयुगातल्या चकमकीच्या दगडाच्या खाणी. सहा हजार वर्षांपूर्वी लोकांनी खडूच्या थरातून उभ्या विहिरी खणल्या, काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत, आणि तळाशी आडवे बोगदे काढून चकमकीचे मोठाले चिरे पाडले. पाडायची पद्धत बघण्यासारखी आहे. ते चिरा वरून फोडत नसत. त्याच्या खालचा मऊ खडू काढून घेत, आधार ठेवत, आणि मग आधार काढून चिरा त्याच्याच वजनानं खाली येऊ देत. खाली उतरायचं तर डोक्यावर शिरस्त्राण, समोर उभी शिडी आणि सोबत वाटाड्या. गट लहान असतो, नोंदणी आधी लागते, हिवाळ्यात बंद. तुमच्या दुसऱ्या सहलीत भेटलं तसं कुलूप भेटण्याची शक्यता इथं सर्वांत जास्त, म्हणून सगळ्यांत आधी हीच नोंदणी करा. बसच्या भरवशावर असाल तर रविवार टाळा.

मॉन्स गावातच मुंडानेउम आहे, कार्डांवरच्या एका प्रचंड सूचीचं संग्रहालय. पॉल ऑत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ मध्ये ब्रसेल्सला जगातल्या सगळ्या प्रकाशनांची सूची करायला घेतली. पुढं तिच्यात १ कोटी २० लाखांहून जास्त कार्डं जमली, आणि लोक टपालानं प्रश्न पाठवून उत्तरं मागवू लागले. ला फोंतेन यांना १९१३ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते निराळ्या कामासाठी. लाकडी खणांच्या रांगा पाहून बाहेर पडू नका. एक खण निवडा आणि कार्डावरचे दशांश आकडे कसे रचलेत ते विचारा. ग्रंथालयं आजही वापरतात ती सार्वत्रिक दशांश वर्गीकरण पद्धत याच दोघांच्या कामातून आली. शेजारच्या ग्राँ-ऑर्नू या जुन्या कोळसा वसाहतीला अर्धा दिवस पुरतो.

दगडांकडे वळू. उल्कापातात रस असणारे बरेच जण मेक्सिकोतल्या चिक्शुलुबचं नाव काढतात, कारण डायनोसॉर संपले तो आघात तिथला. पण ते विवर गाळाच्या खडकाखाली पुरलेलं आहे. तिथं उभं राहून विवर म्हणून काहीच दिसत नाही. विवर पाहायचं तर जर्मनीत न्योर्डलिंगेनला जा. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आघातानं साधारण २४ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं आणि हे तटबंदीचं गाव थेट त्याच्या आत वसलं आहे. हा ज्वालामुखी असावा असंच लोक बराच काळ धरून चालले होते. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज दाखवलं. ते प्रचंड दाबाखालीच तयार होतं आणि ज्वालामुखीत तसा दाब निर्माण होत नाही. १९७० मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांनी आघाताचे खडक ओळखायचा सराव याच परिसरात केला.

गावात आधी सेंट गेऑर्ग चर्चच्या भिंतीजवळ जा. भिंतीचा राखाडी दगड आघातातच तयार झालेला आहे. अगदी जवळून पाहिलात की त्यात काळसर, काचेसारखे, ओढल्यासारखे चपटे तुकडे दिसतील. तो वितळून उडालेला खडक. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग सोबत असू द्या. या दगडात सूक्ष्म हिरे आहेत हे खरं, पण भिंगानं ते दिसत नाहीत, शोधत बसू नका. चर्चच्या ९० मीटरच्या मनोऱ्यावरून विवराची कड चहूकडे टेकड्यांच्या कड्यासारखी दिसते. मात्र पायऱ्या ३५० आहेत आणि हवा धुरकट असेल तर वर जाऊन उपयोग नाही. सकाळी क्षितिजावरच्या टेकड्या रस्त्यावरून नीट दिसत नसतील तर मनोरा दुसऱ्या दिवसावर टाका. गावाभोवतीच्या पूर्ण तटावरून चालता येतं, सुमारे पावणेतीन किलोमीटर. विवराच्या संग्रहालयात अपोलो १६ नं आणलेला चंद्राचा दगड आहे. सोमवारी ते बंद असतं. दोनाउव्होर्थहून लोकल गाडीनं अर्ध्या तासात गावात पोचता.

आणि डायनोसॉर संपवणाऱ्या आघाताचा पुरावा? तो डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या दक्षिणेला तासाभरावर, स्टेव्हन्स क्लिंटच्या समुद्रकड्यात आहे. खाली पांढरा खडू, वर चुनखडक आणि मधोमध काळपट चिकणमातीची एक अरुंद पट्टी. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पट्टीत इरिडियम मोजलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात अगदी कमी आणि उल्कांमध्ये बराच जास्त असतो. इथं ते आजूबाजूच्या खडकाच्या सुमारे १६० पट निघालं. ह्योरुप गावच्या जुन्या चर्चजवळून जिना खाली उतरतो. त्या चर्चचा काही भाग १९२८ मध्ये समुद्रात कोसळला, आणि कारण पट्टीकडे पाहताना समोरच असतं. खालचा खडू मऊ, वरचा चुनखडक टणक. लाटा खालचा भाग पोखरतात आणि वरचा छपरासारखा पुढं येतो. त्या छपराखाली उभं राहू नका, पाऊस आणि थंडीनंतर तर मुळीच नाही. पट्टी उकरू नका. या सहलीत हे बसणार नाही, पण नाव टिपून ठेवा.

युरोपबाहेरचं विचारलंत. कॅनडात, नोव्हा स्कॉशियाला, फंडीच्या उपसागरात बर्नकोट हेड इथं भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. उपसागराची लांबी-खोली अशी आहे की त्यातलं पाणी एकदा आत-बाहेर झुलायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतं जेवढा दोन भरत्यांमध्ये असतो, म्हणून प्रत्येक भरती आधीच्या झोक्याला जोर देते. ओहोटीला समुद्राच्या तळावर चालता येतं. इथं एक हिशेब पाठ असू द्या. पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटीनंतरच्या सहा तासांत ते एकूण चढणीच्या बाराव्या भागांत मोजलं, तर १, २, ३, ३, २, १ असं चढतं. म्हणजे १६ मीटरच्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ४ मीटर, मिनिटाला सहा-सात सेंटिमीटर. पहिल्या तासात ‘फार काही नाही’ वाटतं आणि तिथंच माणसं गाफील राहतात. ओहोटीच्या आधी उतरा, पाणी वळलं की निघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, त्यामुळे मुक्कामाच्या तारखा आधी भरतीच्या तक्त्यात पाहा. एखाद्या आठवड्यात दोन्ही ओहोट्या अडनिड्या वेळी येतात. फरक सर्वांत मोठा अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास. त्याच उपसागरावर जॉगिन्सचे जीवाश्मांचे कडे आहेत. १८५२ मध्ये चार्ल्स लायेल आणि विल्यम डॉसन यांना तिथल्या उभ्या, पोकळ जीवाश्म खोडात प्राचीन चतुष्पाद प्राण्यांची हाडं सापडली. परवान्याशिवाय जीवाश्म उचलणं बेकायदा आहे. दोन्हीकडे स्वतःची गाडी हवी, आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे इथं पुराचं पाणी वळवणारा ६.३ किलोमीटरचा भूमिगत बोगदा आहे. १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद टाकी आणि तिच्यात छत पेलणारे १८ मीटर उंचीचे ५९ खांब. टाकी रिकामी असते तेव्हाच आत सोडतात. पूर आला की ती कामाला लागते आणि फेरी रद्द होते. म्हणून पावसाळा आणि वादळांचे महिने सोडून हिवाळा निवडा. माहिती जपानीत देतात, तेव्हा भाषेबाबतचा नियम नोंदणी करतानाच वाचा. शंभरावर पायऱ्या आहेत.

याच्या बरोबर उलट नेदरलँड्समधलं लेमर. तिथलं वाउडा पंपघर १९२० पासून वाफेवर चालतं आहे, मिनिटाला सुमारे ४ हजार घनमीटर पाणी फ्रीसलंडमधून बाहेर काढतं, आणि प्रत्यक्ष चालतं ते वर्षातून काही वेळा, पाऊस-वारा होऊन पाणी चढलं की. एरवी यंत्रं थंड पण उघडी असतात. बॉयलर तापायला तास लागतात आणि धुराडं पेटणार हे जाहीर करतात, त्यामुळे शरद-हिवाळ्यात आसपास असाल तर त्यांच्या संकेतस्थळावर रोज नजर ठेवा. गावाला रेल्वे नाही. हेरेनवेनहून बस आहे.

जागा स्वतः शोधायच्या तर आमचा आवडता मार्ग म्हणजे प्रसिद्ध जागेचा शेजार पाहणं. पोलंडमध्ये व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत रांगा असतात. तिथून फार लांब नसलेल्या बोखनियाला १३व्या शतकापासूनची खाण आहे, आत बोट आणि छोटी रेल्वे आहे, गर्दी कितीतरी कमी. समरकंदला सगळे रेगिस्तान चौकात रमतात. खगोलज्ञ राजा उलुग बेगची १५व्या शतकातली वेधशाळा त्याच शहरात आहे. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या, सुमारे ४० मीटर त्रिज्येच्या तिच्या कमानीचा जमिनीखालचा भाग १९०८ मध्ये उकरून काढला, तो आजही पाहता येतो. दुसरा मार्ग म्हणजे युनेस्कोची यादी पूर्ण वाचणं. तिच्यात १२०० हून जास्त नावं आहेत आणि लोक फिरतात ती त्यातली मूठभर. खाणी, कालवे, कारखाने वेगळे काढा. जिओपार्कची, म्हणजे खडक-भूरचनेसाठी जपलेल्या परिसरांची यादी निराळी असते, तीही पाहा.

नाव सापडलं की त्या जागेचं स्वतःचं संकेतस्थळ मूळ भाषेत उघडा आणि भाषांतर करून वाचा. इंग्रजी पानं बऱ्याचदा जुनी असतात. चार गोष्टी शोधा: बंद असण्याचा वार, हंगाम, शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि एकट्या-दुकट्या पाहुण्यांना घेतात की फक्त गटांना. ही शेवटची अट सर्वांत जास्त लोकांना बाहेरूनच परत पाठवते. संदिग्ध असेल तर मेल करा, तीन-चार ओळींचा: तारीख आणि एक पर्यायी तारीख, माणसं किती, भाषा कोणती, नेमकं काय पाहायचं आहे. ‘तुमच्याकडं काय पाहण्यासारखं आहे’ असं विचारलेल्या मेलला माहितीपत्रक येतं; ‘१२ तारखेला खाली उतरता येईल का’ असं विचारलं तर उत्तर येतं.

तुमच्यासाठी सप्टेंबर. कोआचं ऊन उतरलेलं असतं, स्पिएन चालू असतं, आणि युरोपीय वारसा दिवसही बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्येच येतात. एरवी बंद असलेली यंत्रघरं आणि इमारती त्या दिवसांत उघडतात. प्रत्येक देशाचा शनिवार-रविवार वेगळा असतो, तो पाहून तारखा सरकवा.

बुधवारी ब्रसेल्सला उतरा आणि थेट मॉन्स गाठा, पाच रात्री. सोमवार प्रवासात घाला, कारण संग्रहालयं त्याच दिवशी बंद असतात. त्या दिवशी रेल्वेनं न्योर्डलिंगेन, तीन रात्री. गाड्या तीन-चारदा बदलाव्या लागतील, सामान आटोपशीर ठेवा. गुरुवारी म्युनिक, शुक्रवारी विमानानं पोर्तो, शनिवारी फोश कोआ, तिथं तीन रात्री. दुसरा सोमवार कोआत येतो, तेव्हा त्या दिवशी जीप आहे का ते राखतानाच विचारा. मंगळवारी पोर्तोला परत, बुधवारी घरचं विमान. बेल्जियम आणि पोर्तुगालमध्ये रात्री सारख्याच, पाच-पाच आहेत; अशा वेळी शेंगेन व्हिसाचा अर्ज आधी उतरता त्या देशाकडे, म्हणजे बेल्जियमकडे जाईल. क्रम असा: आधी स्पिएन आणि पेनाश्कोझाची रात्र, मग बोट, मग मुक्काम, शेवटी विमान.

सासूबाईंसाठी जुन्या लिफ्टचा काठ, बोट, मुंडानेउम आणि विवराचं संग्रहालय अगदी योग्य. न्योर्डलिंगेनचा तट आणि मनोरा दोन्हींना जिने आहेत, ते तुम्ही दोघं करा. तेवढ्या वेळात चर्चची भिंत आणि भिंग त्यांच्याकडे. कोआत तीनपैकी पेनाश्कोझाच घ्या, तिथं जीपपासून चालणं सर्वांत कमी. तरी जमीन खडबडीत आहे आणि रात्री अंधार असतो, म्हणून काठी आणि डोक्याला लावायची विजेरी असू द्या, मात्र खडकापाशी विजेरी बंद. स्पिएनची शिडी त्यांनी टाळावी. तिथं खाणीच्या तोंडांवरच दालन बांधलेलं आहे आणि विहिरी वरूनही पाहता येतात, म्हणून नोंदणीच्या मेलमध्येच लिहा: तिघं येणार, दोघं खाली उतरणार, एक व्यक्ती वर थांबणार, तिला बसायला जागा हवी.